बंदिस्त हॉलमधली कबड्डी: दोन स्ट्रोब कुठे लावायचे आणि किती पॉवरवर?

कर्वेरोड_कॅमेरा

नमस्कार. पुढच्या महिन्यात कोथरूडमधल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये आंतरमहाविद्यालयीन कबड्डी आहे. मॅटवर, मुलं आणि मुली दोन्ही गट. वार्षिक अंकात पानभर छापता येतील असे फोटो हवेत, म्हणून स्ट्रोब (कॅमेऱ्यापासून दूर लावायचे जोरदार फ्लॅश) लावायचा विचार आहे.

हॉल मूळचा बास्केटबॉलचा. कबड्डीची मॅट कोर्टाच्या मधोमध आडवी टाकणार आहेत. बास्केटच्या मागे दोन्ही टोकांना पहिल्या मजल्याची गॅलरी आहे, तिला लोखंडी पाइपचा कठडा. कठड्याची उंची जमिनीपासून साडेपाच मीटर आणि मॅटच्या बाजूरेषेपासून आडवं अंतर १० मीटर, दोन्ही टेपने मोजलंय. छत निळसर पत्र्याचं. वर एलईडी हायबे (उंच छताचे मोठे दिवे) आहेत. त्या उजेडात १/५०० शटर, एफ/२.८ अॅपर्चर, आयएसओ ३२०० ला एक्स्पोजर बरोबर येतं.

माझ्याकडे गोडॉक्स एडी२०० (बॅटरीवरचे फ्लॅश) दोन, सोबतची फ्रेनेल हेड (झोत एकवटणारी), एक ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारा रिमोट), फुल फ्रेम बॉडी (सिंक, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर, १/२५०), ७०-२०० एफ/२.८ लेन्स. प्रश्न असे: दोन्ही दिवे समोरासमोरच्या गॅलऱ्यांत लावू की एकाच बाजूला? फुल पॉवर ठेवू का? हायस्पीड सिंकवर (त्या हद्दीपुढच्या शटरलाही फ्लॅश चालवण्याची सोय) १/१००० ला काढलं तर सोपं नाही का पडणार? आणि छतावरून बाउन्स केला तर उजेड मऊ मिळेल का?

पेठेतला_ट्रिगर

बाउन्स आधी विसरा. परदेशी व्हिडिओंत जिमच्या पांढऱ्या, सपाट छतावर दिवा मारतात ते पाहून हा विचार येतो. आपल्याकडचा पत्रा नालीदार असतो, खाली छताला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या असतात, आणि निळ्या पत्र्यावरून परतलेला उजेड खेळाडूंना निळं करून सोडतो. शिवाय वर जाऊन खाली येईपर्यंत उजेडाचा इतका ऱ्हास होतो की एडी२०० ला ते झेपायचं नाही. थेट मारा.

हायस्पीड सिंकही नको. त्यात फ्लॅश एकदम न पेटता शटरची फट सेन्सरवरून सरकत असेपर्यंत बारीक बारीक ठिणग्यांसारखा पेटत राहतो. त्यामुळे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) किंवा जास्त उजेड गमावता आणि हालचाल गोठवण्याचं काम पुन्हा शटरवरच पडतं. १५-१६ मीटरवर तेवढा उजेड उरत नाही. सोनीच्या ए९ थ्री सारख्या ग्लोबल शटरच्या (सगळा सेन्सर एकदम टिपणाऱ्या) कॅमेऱ्याला ही अट नाही, पण तो सध्या बाजूला ठेवू.

आता मुख्य मुद्दा. साध्या सिंकवर खेळाडूला गोठवतो तो शटर नव्हे, फ्लॅशच्या पेटण्याचा कालावधी. चढाईपटूचा हात सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरला असं धरा. १/२५० सेकंदात तो ३२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बोटं पुसली गेली. १/१००० मध्ये ८ मिलिमीटर. १/२००० मध्ये ४, आणि पानभर छापलं तरी चालतं. एडी२०० फुल पॉवरला सुमारे १/२२० सेकंद पेटत राहतो, म्हणजे शटरइतकाच. फुल पॉवर लावलीत तर उजेड भरपूर मिळेल आणि हात मात्र हललेला येईल. यात आयजीबीटी (प्रवाह मधेच तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असल्यामुळे पॉवर कमी केली की कालावधीही कमी होतो. म्हणून १/४ पासून सुरुवात करा, १/२ ही वरची हद्द.

जुने स्टुडिओ स्ट्रोब भाड्याने मिळतात, त्यांच्या बाबतीत सावध राहा. व्होल्टेज कमी-जास्त करून पॉवर बदलणाऱ्या त्या दिव्यांत नेमकं उलटं होतं: पॉवर कमी केली की कालावधी वाढतो.

मैदानकाठ

जागेबद्दल. दोन्ही दिवे एकाच गॅलरीत, आणि तुम्हीही त्याच बाजूला बसा. समोरासमोर लावलेत तर समोरचा दिवा थेट लेन्समध्ये येईल, नाहीतर प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ आणि मधे काळा चेहरा. मॅटवर सावल्याही दोन दिशांना. एका बाजूने दिले की सावली पलीकडे पडते आणि चेहऱ्याला एक उजळ, एक सावलीची बाजू मिळते. धडपकडीत सहा-सात अंगं एकमेकांत अडकतात, तेव्हा कोणाचा हात कुठे आहे हे त्या सावलीमुळेच कळतं.

दोन दिव्यांत १२-१३ मीटर अंतर ठेवा, म्हणजे साधारण एकेका अंतिम रेषेच्या सरळ ओळीत, आणि दोन्हींचा रोख आत वळवून एकमेकांना छेद द्या. डावीकडचा मध्यरेषेच्या उजव्या अर्ध्या भागावर, उजवीकडचा डाव्या. दोन्ही दिवे सरळ मधोमध रोखले तर मध्यरेषा जळते आणि बोनस रेषेच्या मागे अंधार होतो.

गॅलरी १० मीटर मागे आहे हे तुमचं नशीब समजा. लोकांना वाटतं दिवा जवळ तितका चांगला. हिशेब करून पाहा. दिवा बाजूरेषेपासून ४ मीटरवर, छातीच्या पातळीपेक्षा साडेतीन मीटर वर असेल तर जवळच्या बाजूरेषेवरचं अंतर ५.३ मीटर, लांबच्या बाजूरेषेवरचं १४.४. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, त्यामुळे दोन्हींत जवळजवळ तीन स्टॉपचा फरक पडतो. तुमच्या गॅलरीतून हीच अंतरं ११ आणि २०.५ मीटर. फरक १.८ स्टॉप. उरलेला फरकही कमी होतो: दिव्याचा मध्य मॅटच्या लांबच्या तिसऱ्या भागावर रोखा, म्हणजे जवळच्या बाजूला झोताची फिकी कड पडते. असं केलं की मॅटभर एक स्टॉपच्या आत राहणं जमतं. छत्री, सॉफ्टबॉक्स काही लावू नका. १५ मीटरवर त्यांचा मऊपणा राहत नाही, उजेड तेवढा खातात.

तिसरा_पंच

फोटोग्राफीतलं मला मध्यम कळतं, मॅटवरचं सांगतो. आयोजकांचा होकार पुरेसा नाही. सामन्याच्या दिवशी सरपंच (सामन्याचा मुख्य पंच), दोन्ही पंच आणि दोन्ही संघांचे प्रशिक्षक यांना नाणेफेकीच्या आधी भेटा आणि दोन-तीन वेळा फ्लॅश उडवून दाखवा. बाजूने आणि साडेपाच मीटरवरून येणारा उजेड चढाईपटूला फारसा जाणवत नाही, कारण त्याची नजर समोरच्या बचावावर आणि खाली पायांवर असते. अंतिम रेषेच्या मागून, डोळ्यांच्या उंचीवर लावलेला फ्लॅश मात्र थेट त्याच्या डोळ्यांत जातो. ते अजिबात करू नये. कुणीही खेळाडूने तक्रार केली की लगेच बंद करा, वाद घालू नका.

कुठे काय घडतं तेही लक्षात ठेवा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. पुरुषांत निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा ४.७५ वर. चढाईपटू बोनसला पाय टाकतो तो क्षण आणि पकड झाल्यावर मध्यरेषेकडे झेपावतो तो क्षण, या दोन पट्ट्यांतच निम्म्याहून अधिक फोटो असतात. एक्स्पोजर तिथलं बरोबर ठेवा. अंतिम रेषेचा कोपरा थोडा अंधारा राहिला तरी बिघडत नाही.

कर्वेरोड_कॅमेरा

सगळ्यांचे आभार. एकाच गॅलरीत लावतो. आता आकडेमोड करून पाहिली. फ्रेनेल हेडचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला अंतराने भागलं की एफ-नंबर मिळतो) ५२ (मीटर, आयएसओ १००) दिलाय. आयएसओ ४०० ला तो १०४, १/४ पॉवरला निम्मा म्हणजे ५२. दिव्यापासून मॅटच्या मध्यापर्यंत तिरकं अंतर १६.८ मीटर. म्हणजे एका दिव्याला एफ/३.१, दोन्ही मिळून एफ/४.४. बरोबर आहे ना? आणि उजेड कमी पडला तर आयएसओ १६०० करून टाकू?

पेठेतला_ट्रिगर

गणित बरोबर, आकडा कागदावरचा. कंपन्या गाइड नंबर सढळ हाताने देतात, आणि मोठ्या हॉलमध्ये भिंतींवरून परत येणारा उजेडही नसतो. एक स्टॉप कमी धरून चाला. म्हणजे प्रत्यक्षात दोन दिव्यांना, १/४ पॉवरला, आयएसओ ४०० ला एफ/३.१.

आयएसओ वाढवण्याच्या विचारावर मात्र थांबा. या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आयएसओ आणि अॅपर्चर बदललं की फ्लॅश आणि हॉलचा उजेड दोन्ही एकाच मापाने वर-खाली होतात. दोघांमधला फरक तसाच राहतो. तो फरक बदलायला चारच वाटा आहेत: फ्लॅशची पॉवर, दिव्याचं अंतर, झोताची रुंदी, आणि सिंकच्या हद्दीपर्यंतचा शटर.

फरक का हवा? शटर १/२५० उघडा असतो तेव्हा हॉलचे एलईडी पूर्ण वेळ खेळाडूवर पडत असतात. त्या उजेडात तो ३२ मिलिमीटर सरकलेला येतो. वर फ्लॅशची कडक, गोठलेली प्रतिमा. दोन्ही एकत्र म्हणजे घोस्टिंग, हाताला चिकटलेली धुरकट कड. हॉलचा उजेड फ्लॅशपेक्षा तीन स्टॉप खाली, म्हणजे एक अष्टमांश असेल तर ती कड डोळ्यांत भरत नाही. दोन स्टॉपवर पांढऱ्या जर्सीभोवती दिसू लागते. एक स्टॉपवर फोटो वाया.

तुमच्या हॉलचं सांगायचं तर १/५००, एफ/२.८, आयएसओ ३२०० बरोबर. त्यावरून १/२५०, एफ/४, आयएसओ ४०० म्हणजे नेमके तीन स्टॉप खाली. हेच लक्ष्य. आता दोन दिवे १/४ ला एफ/४ देत नाहीत, म्हणून आयएसओ ६४० करावं लागेल, आणि हॉलचा उजेड २.३ स्टॉप खाली राहील. चालेल, उत्तम नाही. दोन दिवे १/२ ला ठेवले तर आयएसओ ४०० मिळतो, कालावधी मात्र वाढतो. माझा सल्ला: आणखी दोन एडी२०० भाड्याने घ्या आणि एका ठिकाणी दोन दोन लावा. चार दिवे, १/४ पॉवर, आयएसओ ४००, एफ/४. अमेरिकेत एनबीएच्या मैदानांत छताजवळच्या कॅटवॉकवर मोठमोठे स्ट्रोब टांगतात ते याच फरकासाठी. तिथला हॉलचा उजेड मुळातच प्रखर असतो, म्हणून त्यांना ताकदही तशी लागते.

सर्किट_बुधवार

कालावधीबद्दल एक भर, कारण आकडे वाचताना गल्लत होते. बहुतेक माहितीपत्रकांत टी.५ देतात: उजेड शिखराच्या निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ. हालचाल गोठण्यासाठी टी.१ बघायचा, म्हणजे दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. टी.१ हा टी.५ च्या तिप्पट असतो असं सर्रास सांगतात. ते कपॅसिटर पूर्ण रिकामा होतो तेव्हाच, म्हणजे फुल पॉवरला किंवा जुन्या स्ट्रोबमध्ये खरं. आयजीबीटी मधेच प्रवाह तोडतो, शेपूट छाटली जाते, आणि कमी पॉवरला टी.१ आणि टी.५ जवळ येतात.

उतार कसा असतो ते कळावं म्हणून निकॉनच्या एसबी-९१० चे छापील आकडे: फुल १/८८०, १/२ ला १/११००, १/४ ला १/२५५०, १/८ ला १/५०००, १/१६ ला १/१००००. फुलवरून निम्म्यावर आल्याने फारसं काही मिळत नाही, १/४ ला एकदम उडी. म्हणूनच वर १/४ म्हणतायत ते योग्य आहे, आणि दोन दिवे १/२ ला चालवण्यापेक्षा चार दिवे १/४ ला चालवणं कधीही चांगलं. दिवा प्रत्यक्षात काय देतो ते पाहायचं तर टेबल फॅनच्या पात्यावर पांढरी पट्टी चिकटवा, खोलीत अंधार करा आणि प्रत्येक पॉवरला एक फोटो काढा. पट्टीची कड कुठे धारदार होते ते लगेच दिसतं.

बोहरीआळी

कठड्याचा पाइप कितीचा आहे ते आधी मोजा, बाहेरून. सुपर क्लॅम्प (दिवा पाइपला आवळायची पकड) साधारण ५५ मि.मी. जाडीपर्यंत पकडतो. दीड इंची पाइप बाहेरून ४८ मि.मी. भरतो, तो बसतो. दोन इंची म्हणजे बाहेरून ६० मि.मी., त्यावर जबडा पुरा बंद होत नाही आणि दिवा हळूहळू फिरून खाली पाहू लागतो. तसं असेल तर उभ्या सळईवर पकड घ्या. ऑइलपेंट मारलेला पाइप गुळगुळीत असतो, म्हणून जबड्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

खाली माणसं बसणार, त्यामुळे सेफ्टी वायर सक्तीची. ३ मि.मी. ची स्टीलची वायर रोप, प्रत्येक दिव्याला एक मीटर, दोन्ही टोकांना गाठ नको, फासा करून प्रत्येक फाशाला दोन दोन यू-क्लॅम्प. रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं मिळतं, क्लॅम्प आवळायचा पानाही घेऊन ठेवा. वायर दिव्याच्या ब्रॅकेटमधून घ्या आणि कठड्याभोवती फिरवा. नुसती ब्रॅकेटच्या स्क्रूला अडकवलीत तर स्क्रू निघाल्यावर तिचा उपयोग शून्य. रिफ्लेक्टर लावणार असाल तर त्यालाही वेगळी दोरी.

गॅलरीत प्रेक्षक असतील. दिव्याच्या दोन्ही बाजूंना एक एक खुर्ची रिकामी ठेवून घ्या, नाहीतर मुलं झेंडे लावतात आणि दिव्याचं तोंड फिरतं.

मैदानकाठ

ट्रिगरबद्दल राहिलं. हे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेच वायफायचं. रिकाम्या हॉलमध्ये दिवे शंभर टक्के पेटतात आणि प्रेक्षक भरले की चुकू लागतात, कारण माणसांच्या अंगात त्या लहरींचा काही भाग शोषला जातो आणि प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. चॅनेल बदलून पाहा, आयडी नंबरही द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या ट्रिगरने तुमचे दिवे पेटणार नाहीत. दिवा कठड्याच्या बाहेरच्या अंगाला लावा, मधे लोखंडी पत्रा येऊ देऊ नका.

फ्रेमच्या एका लांब कडेला काळी पट्टी दिसली तर घाबरू नका. रेडिओला काही क्षण उशीर होतो आणि १/२५० ला शटरचा पडदा मधे येतो. १/२०० करा, पट्टी जाते. हॉलचा उजेड मात्र एक तृतीयांश स्टॉप वाढतो, तेवढं मनात धरा. इलेक्ट्रॉनिक शटर बंद, मेकॅनिकलच. बहुतेक बॉडींत इलेक्ट्रॉनिकवर फ्लॅश पेटतच नाही आणि सायलेंट मोड चुकून चालू राहिला की अर्धा तास कारण शोधण्यात जातो.

बर्स्ट (सलग फ्रेम) करू नका. फुल पॉवरला एडी२०० ला पुन्हा भरायला दोन सेकंद लागतात, १/४ ला सुमारे अर्धा. दहा फ्रेमच्या बर्स्टमध्ये पहिली उजळ आणि पुढच्या काळ्या येतील, वर दिवा तापून स्वतःच वेग कमी करेल. चढाई ३० सेकंदांची असते. एका चढाईत एक फ्रेम, फार तर दोन. बोट हलकं दाबून थांबा आणि स्पर्शाच्या क्षणाच्या किंचित आधी सोडा.

कर्वेरोड_कॅमेरा

चार दिव्यांचं ठरवलं. पाइप मोजला, ४८ भरला. आदल्या संध्याकाळी हॉल दोन तास मिळतोय. त्या वेळेत काय काय तपासू? आणि व्हाइट बॅलन्ससाठी जेल (दिव्यावर लावायचे रंगीत पारदर्शक तुकडे) लावावे लागतील का? हेच दिवे पुढे बालेवाडीला बॅडमिंटनसाठीही वापरता येतील का, तेही सांगा.

पेठेतला_ट्रिगर

पहिली फ्रेम फ्लॅश बंद ठेवून, १/२५०, एफ/४, आयएसओ ४०० वर. ती जवळजवळ काळी यायला हवी, खेळाडूची आकृती जेमतेम ओळखू येईल इतकी. मॅट उजळ दिसत असेल तर हॉलचा उजेड तुम्ही मोजला त्यापेक्षा जास्त आहे.

मग एका मित्राला पांढरा टी-शर्ट घालून मॅटवर उभा करा आणि फ्लॅश मीटरने नऊ जागा मोजा: मध्यरेषा आणि दोन्ही बोनस रेषा, प्रत्येकी जवळची बाजू, मध्य, लांबची बाजू. मीटर नसेल तर टी-शर्टचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख). एकेक दिवा वेगळा पेटवून बघा, मग सगळे. जवळची बाजू दुसऱ्या जागांपेक्षा एक स्टॉपहून उजळ आली तर रोख आणखी वर उचला, पॉवरला हात लावू नका. मित्राला हात जोरात फिरवायला सांगा आणि १०० टक्के झूम करून बोटं पाहा. शेवटी त्याला खाली झोपवून एक फ्रेम घ्या. पकडीत चेहरे मॅटलगत असतात आणि तिथे उभ्यापेक्षा उजेड कमी पडतो.

व्हाइट बॅलन्स ५६०० केल्व्हिनवर हाताने बांधून ठेवा, ऑटो नको. हॉलचा उजेड तीन स्टॉप खाली असेल तर जेलची गरज नाही. मॅट निळी-पिवळी असेल तर खालून चेहऱ्यावर तिचा रंग चढतो, तो एडिटिंगमध्ये त्वचेपुरता काढा, सगळ्या फोटोचा बॅलन्स बदलू नका. कच्च्या (रॉ) फाइलमध्येच काढत असाल हे धरून चालतो.

मॉडेलिंग लाइट (फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा) बंद. बॅटरी ५०० फुल फ्लॅशची आहे, १/४ ला दिवसभर पुरते, तरी मध्यंतराच्या पाच मिनिटांत चारही दिव्यांवर नजर टाका. एक बंद पडला तर फोटोत पटकन कळत नाही, सावली फक्त गडद होते.

तिसरा_पंच

बॅडमिंटनला नाही. स्पर्धेत फ्लॅशला मनाई असते आणि ती योग्यच आहे: खेळाडू वर, शटलकडे पाहत असतो, दिवा नेमका त्याच्या नजरेच्या रेषेत येतो. जिम्नॅस्टिक्सलाही कधीच नाही, तिथे एका क्षणाची चूक म्हणजे मान मोडण्याचा धोका. बास्केटबॉलला उंच गॅलरीतून, परवानगीने चालतं.

मैदानकाठ

बॅडमिंटनला मग आहे त्या उजेडातच काढायचं. बरेच एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/८०० ला एक फ्रेम उजळ, एक काळसर, एखादीत आडवे पट्टे. बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, कॅमेरा उजेडाच्या शिखराची वाट पाहून शटर सोडतो. कबड्डीत फ्लॅश चालू असताना ही सोय बंद ठेवा. तिच्यामुळे शटर किंचित उशिरा सुटतं, आणि चढाईत तेवढ्यात हात परत गेलेला असतो.